शंभर वॉटच्या संचाशेजारी एसडीआर रिसीव्हर बसवताना

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे. आपल्याकडे आयकॉमचा आयसी-७१८ हा हौशी रेडिओचा (हॅम) १०० वॉटचा, बोलणारा-ऐकणारा संच आहे. पुण्यात इमारतीच्या गच्चीवर ४० मीटर बँडचा (७ मेगाहर्ट्झचा) इन्व्हर्टेड व्ही, म्हणजे मधोमध उंच धरलेला तारेचा डायपोल अँटेना, बांधलेला आहे, आणि सगळा बँड वॉटरफॉलवर, म्हणजे संकेत रेघांनी दाखवणाऱ्या संगणकाच्या सरकत्या चित्रावर, एका नजरेत दिसावा म्हणून आपण आरटीएल-एसडीआर जातीचा डोंगल (यूएसबीला लावायचा, सॉफ्टवेअरने चालणारा छोटा रिसीव्हर) आणला आहे. हा डोंगल अँटेनाच्या केबलला साध्या टी-कनेक्टरने जोडला तर चालेल का, डोंगल पुरेसा आहे की महागडा रिसीव्हर घ्यावा लागेल, आणि वॉटरफॉलवर क्लिक केले की संचही त्याच वारंवारतेवर जावा यासाठी काय करावे, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत. पहिल्याचे उत्तर स्पष्ट 'नाही' असे आहे. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्या 'नाही'मागच्या कारणांवर बरीचशी अवलंबून असल्यामुळे मी तिथूनच सुरुवात करतो आणि तिथेच अधिक वेळ थांबतो.

५० ओहमच्या केबलमधून १०० वॉट जात असताना मधल्या तारेवर सुमारे ७१ व्होल्ट आरएमएस असतात. शिखराशी मोजले तर १०० व्होल्ट. बहुतेक एसडीआर रिसीव्हरच्या इनपुटला १ ते १० मिलिवॉटच्या वर शक्ती सोसत नाही, आणि १० मिलिवॉट म्हणजे ५० ओहमवर अवघे ०.७ व्होल्ट. टी-कनेक्टर लावल्यावर पीटीटी (बोलण्याचे बटण) दाबताच डोंगलच्या वाट्याला त्याच्या सहनशक्तीच्या दहा हजारपट शक्ती येईल आणि 'सीक्यू' या सर्वांना घातलेल्या हाकेचा पहिला शब्द संपायच्या आत त्याचे इनपुट जळालेले असेल. शिवाय डोंगलची इनपुट इम्पीडन्स केबलला समांतर लागल्यामुळे संचाला दिसणारा एसडब्ल्यूआर (अँटेनाशी जुळणीचे माप) बिघडतो, ते वेगळेच. "मी फक्त ऐकतानाच जोडेन आणि बोलताना काढेन" असे ठरवणारे अनेक जण मी पाहिले आहेत. दुर्मिळ स्टेशन ऐकू आले की हात आपोआप मायक्रोफोनकडे जातो, आणि डोंगल काढायचा राहून गेला हे नंतर लक्षात येते.

यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे एसडीआरसाठी स्वतंत्र अँटेना, आणि आपण सुरुवात तिथूनच करावी असे माझे मत आहे. सुमारे एक मीटर व्यासाचा, प्रिअँप (संकेत वाढवणारे छोटे सर्किट) असलेला लूप, म्हणजे कड्याच्या आकाराची अँटेना, गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, लिफ्टच्या मशीन रूमपासून दूर लावला तर शहरातील गोंगाटात तो पुष्कळदा मोठ्या डायपोलपेक्षा स्वच्छ ऐकतो, कारण त्याला हाताने फिरवून शेजारच्या एलईडी दिव्यांचा किंवा सौर इन्व्हर्टरचा त्रास एका दिशेला बराच दाबता येतो. मात्र वेगळी अँटेना म्हणजे पूर्ण सुरक्षितता, हा समज चुकीचा आहे. डायपोलमधून १०० वॉट बाहेर पडत असताना त्यापासून १० मीटरवर विद्युतक्षेत्र ढोबळमानाने ७ व्होल्ट प्रति मीटर भरते. इतक्या जवळ हे गणित काटेकोर नाही, पण अंदाजाला पुरेसे आहे. एक मीटर लोंबती तार अशा क्षेत्रात काही व्होल्ट सहज गोळा करते. म्हणून अँटेना वेगळी असली तरी डोंगलच्या तोंडाशी लिमिटर (जादा व्होल्टेज कापणारे सर्किट) हवाच, आणि प्रसारणाच्या वेळी त्याचे इनपुट जमिनीला जोडणारा एक रिले असेल तर उत्तम.

लूपची सोय नसेल, किंवा संच ज्या अँटेनावर ऐकतो त्याच अँटेनावरचे चित्र हवे असेल, तर संच आणि अँटेना यांच्यामध्ये एक पेटी बसवावी लागते. काही मोठ्या संचांना रिसीव्ह अँटेनाची आत-बाहेरची वेगळी सॉकेट असतात. तिथून निघणारा संकेत संचाच्या आतल्या टीआर स्विचच्या (प्रसारण आणि ग्रहण यांत अदलाबदल करणाऱ्या स्विचच्या) पलीकडचा असल्याने काम सोपे होते. आयसी-७१८ला ती सोय नाही, म्हणून पेटी आपल्याला स्वतः बनवावी लागेल. दोन रिले, संकेत दोन वाटांत विभागणारा एक स्प्लिटर, एक लिमिटर आणि एका ट्रान्झिस्टरचे नियंत्रण एवढाच तिचा पसारा आहे. ऐकताना अँटेनाकडून आलेला संकेत पहिल्या रिलेमधून स्प्लिटरमध्ये जातो. स्प्लिटरचा एक फाटा दुसऱ्या रिलेमधून संचाकडे आणि दुसरा फाटा डोंगलकडे जातो. बोलताना दोन्ही रिले पडतात (त्यांच्या गुंडाळीची वीज जाते), स्प्लिटर दोन्ही बाजूंनी वाटेतून बाजूला होतो, आणि संच थेट अँटेनाला लागतो. अँटेना ट्यूनर (अँटेना संचाशी जुळवणारे यंत्र) वापरत असाल तर पेटी संच आणि तो ट्यूनर यांच्या मधोमध ठेवा, म्हणजे प्रसारणाच्या वेळी पेटीला नेहमी ५० ओहमच दिसतील आणि रिलेच्या संपर्कांवर अवाजवी व्होल्टेज येणार नाही.

आता थोडे तपशील, कारण गाडी अडते ती इथेच. १२ व्होल्टचे, १० अँपिअरचे साधे छापील-सर्किटवरचे रिले १०० वॉटला ३० मेगाहर्ट्झपर्यंत व्यवस्थित चालतात. पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला ते सहज मिळतात, त्यासाठी कोअॅक्सिअल रिलेचा खर्च करण्याची गरज नाही. मात्र उघडा संपर्क म्हणजे पूर्ण तुटलेली वाट असे रेडिओ वारंवारतेला मानता येत नाही. उघड्या संपर्कांमध्ये जेमतेम १ पिकोफॅरड धारिता धरली तरी १४ मेगाहर्ट्झला तिचा रोध सुमारे ११ किलोओहम होतो, आणि ७१ व्होल्टांमधून ५० ओहमवर ०.३ व्होल्ट पलीकडे पोहोचतात. २८ मेगाहर्ट्झला हाच आकडा ०.६ होतो, म्हणजे रिले बिनचूक काम करत असतानाही आपण मर्यादेच्या काठावर असतो. यासाठी डोंगलकडे जाणाऱ्या फाट्यावर तिसरा छोटा रिले टाका, आणि तो पडलेल्या स्थितीत हा फाटा थेट पेटीच्या धातूला जोडला जाईल असे पाहा.

स्प्लिटर घरी बनवणे अवघड नाही. बीएन-४३-२०२ या दोन भोकांच्या फेराइट गाभ्यावर जुळी तार गुंडाळायची, तिचा मध्य इनपुटला आणि दोन टोके दोन फाट्यांना द्यायची, आणि दोन्ही फाट्यांमध्ये १०० ओहमचा रोधक टाकायचा. शास्त्र सांगते की मध्याला २५ ओहम दिसतात, म्हणून त्याआधी आणखी एक ट्रान्सफॉर्मर हवा. तो टाळला तर सुमारे अर्धा डेसिबल अधिक जातो, जो ४० मीटरवर कोणालाही ऐकू येणार नाही. स्प्लिटरमुळे एकूण साडेतीन डेसिबल जातात याची धास्ती नवे हॅम फार घेतात. या बँडवर शहरातील अँटेनाचा गोंगाट रिसीव्हरच्या स्वतःच्या गोंगाटाच्या कितीतरी वर असतो. संकेत आणि गोंगाट दोन्ही सारखेच खाली येतात, आणि स्टेशन पूर्वीइतकेच वाचता येते. दोन मीटरच्या बँडवर मात्र हे लागू होत नाही. तिथे स्प्लिटरच्या आधी प्रिअँप हवा. स्प्लिटर टाकण्याचा खरा फायदा असा की डोंगलच्या आतील ऑसिलेटरची आणि यूएसबीची घाण संचाकडे सहज परत जात नाही. आणखी एक दक्षता घ्या: काही डोंगलमध्ये केबलवाटे प्रिअँपला वीज पुरवण्याची बायस-टी ही सोय असते. ती या ठिकाणी सॉफ्टवेअरमधून बंद ठेवा, कारण ट्रान्सफॉर्मरच्या तारेतून अन्यत्र कुठे थेट जमिनीची वाट असेल तर तिथे शॉर्ट होईल.

नियंत्रणाच्या बाबतीत मी स्वतः जी चूक केली तीच सांगतो. पहिल्या पेटीत मी रिले ऐकताना ओढलेले आणि बोलताना पडलेले ठेवले होते. विचार योग्यच होता, कारण वीज गेली तर रिले पडतात आणि संच थेट अँटेनाला लागतो. ट्रान्झिस्टरच्या बेसला रोधकातून १२ व्होल्ट दिलेले होते, आणि संचाचा 'सेंड' सॉकेट बोलताना तो बेस जमिनीवर ओढत असे. १२ व्होल्ट मी वेगळ्या अॅडॉप्टरमधून घेतले होते आणि सेंडची तार एका आरसीए प्लगने जोडली होती. टेबल पुसताना तो प्लग अर्धा बाहेर आला. बेसला रोधकातून प्रवाह मिळतच राहिला, रिले ओढलेलेच राहिले, आणि मी २० मीटरवर जवळजवळ पूर्ण शक्तीने बोलू लागलो. आधी वास आला. पेटी उघडली तेव्हा स्प्लिटरमधला १०० ओहमचा रोधक काळा पडला होता. रिसीव्हर मेला नव्हता, बहिरा झाला होता: आकाशवाणी पुण्याचा ७९२ किलोहर्ट्झचा वाहक, जो एरवी पडदा भरून टाकत असे, तो एका बारीक रेघेवर आला होता. वॉटरफॉल चालू होता, सॉफ्टवेअर तक्रार करत नव्हते, त्यामुळे वास आला नसता तर मी बँड बंद आहे असे समजून बसलो असतो.

त्यानंतर मी एक नियम पाळत आलो आहे. पेटीची वीज आणि तिची आज्ञा एकाच प्लगमधून यावी. आयसी-७१८च्या मागच्या बाजूच्या एसीसी (जोडउपकरणांच्या) सॉकेटमध्ये १३.८ व्होल्ट आणि सेंड दोन्ही उपलब्ध आहेत. दोन्ही तिथूनच घ्या, म्हणजे प्लग निघाला तर वीजही जाईल, रिले पडतील आणि डोंगल सुरक्षित राहील. कोणत्या पिनेवर काय आहे आणि तिथून किती प्रवाह घेता येतो हे संचाच्या पुस्तिकेतून तपासूनच सोल्डरिंगला बसा. दुसरी बाब बारीक आहे, पण फार महत्त्वाची. रिलेच्या गुंडाळीवर आपण सवयीने १एन४००७ डायोड उलटा टाकतो. त्यामुळे ट्रान्झिस्टर वाचतो, पण गुंडाळीतील प्रवाह सावकाश विरतो आणि रिले पडायला काही मिलिसेकंद अधिक लागतात. आपल्या रचनेत तर रिले पडण्याचा क्षणच धोक्याचा आहे. म्हणून डायोडच्या सोबत एक झेनर क्रमाने टाका, आणि त्या वाढलेल्या व्होल्टेजला टिकेल असा ट्रान्झिस्टर वापरा. मोर्समध्ये प्रत्येक टिंबागणिक स्विच होणारे पूर्ण ब्रेक-इन या पेटीवर वापरू नका. अर्धे ब्रेक-इन ठेवून विलंब वाढवावा. प्रसारणाची शक्ती हुंगून आपोआप स्विच होणाऱ्या पेट्या बाजारात मिळतात, परंतु शक्ती आल्यानंतरच त्यांना कळते, आणि कळल्यानंतर रिले हलेपर्यंतचा मार रिसीव्हरलाच बसतो. दुसरा पहारेकरी म्हणून त्या चांगल्या. पहिला म्हणून नाही.

शेवटचा अडसर म्हणजे लिमिटर. १एन४१४८चे दोन डायोड एकमेकांना उलटे, डोंगलच्या इनपुटला समांतर लावले की शिखर सुमारे ०.७ व्होल्टला कापले जाते आणि डोंगलकडे ५ मिलिवॉटच्या आसपासच पोहोचतात. त्यांच्या आधी क्रमाने थोडा रोध असावा, नाहीतर डायोडच जळतील. याची किंमत अशी की आसपासच्या बलवान आकाशवाणी केंद्रांचे संकेत या डायोडांमध्ये एकमेकांत मिसळून नसलेली स्टेशने निर्माण करू शकतात. म्हणून मध्यम लहरी अडवणारा, सुमारे २ मेगाहर्ट्झच्या वरचेच जाऊ देणारा फिल्टर डायोडच्या आधी बसवा, नंतर नव्हे. तरीही मिश्रण दिसले तर प्रत्येक दिशेला दोन-दोन डायोड क्रमाने लावा. मर्यादा थोडी वाढते, पण मिश्रण बरेच कमी होते.

या साऱ्या खटाटोपाला एक पर्याय आहे, आणि त्यासाठी संच उघडावा लागतो. आयसी-७१८मध्ये अँटेनाचा संकेत पहिल्या मिक्सरमध्ये ६४.४५५ मेगाहर्ट्झवर चढवला जातो. मिक्सरच्या लगेच पुढे, पण पहिल्या क्रिस्टल फिल्टरच्या आधी, उच्च इम्पीडन्सचा छोटा बफर, उदाहरणार्थ जे-३१०सारख्या जेफेटचा सोर्स फॉलोअर, बसवून तिथला संकेत बाहेर आणला आणि डोंगल कायमचा ६४.४५५वर लावून ठेवला, तर संच जिथे जाईल ती वारंवारता नेहमी पडद्याच्या मध्यभागी राहते. डोंगल संचाच्या टीआर स्विचच्या आत असल्यामुळे १०० वॉटांची भीती जवळजवळ संपते, संचाच्या स्वतःच्या फिल्टरांचा आडोसा मिळतो, आणि ही वारंवारता डोंगलच्या ट्यूनरच्या मूळ टप्प्यात येत असल्यामुळे स्वस्त डोंगलही इथे आपल्या किमतीच्या वर काम करतो. संचाचा ऑसिलेटर संकेताच्या वर असल्याने चित्र उलटे दिसते, वरची बाजू खाली येते. सॉफ्टवेअरमध्ये ते पलटण्याची सोय असते. बफर मात्र टाळू नका, नाहीतर डोंगलच्या ऑसिलेटरची गळती थेट संचाच्या आत शिरते. सोल्डरिंगचा हात बसलेला असेल आणि वॉरंटीची पर्वा नसेल तर मी हाच मार्ग सुचवेन. पहिलाच संच असेल तर त्यावर हा प्रयोग नको.

आता डोंगल पुरेसा आहे का, हा दुसरा प्रश्न. डोंगलच्या आत आरटीएल-२८३२यू ही डिजिटल दूरदर्शनसाठी बनलेली चिप आहे; तिच्यातून कच्चे नमुने बाहेर काढता येतात हे २०१२ साली सर्वांच्या ध्यानात आले आणि स्वस्त एसडीआरचे युग सुरू झाले. संकेताचे आकड्यांत रूपांतर करणारा तिचा परिवर्तक ८ बिटचा आहे. म्हणजे पडद्यावरच्या सर्वांत बलवान आणि सर्वांत क्षीण संकेतांमध्ये ढोबळ ५० डेसिबलचे अंतर तिला झेपते. सेकंदाला २४ लाख नमुन्यांमधून आपण २.४ किलोहर्ट्झचा एसएसबी (हॅमची आवाज पाठवण्याची अरुंद पद्धत) मार्ग वेगळा काढतो तेव्हा आणखी ३० डेसिबल पदरात पडतात, पण परिवर्तक एकदा ओसंडला की या फायद्याला अर्थ राहत नाही. भारतात ४० मीटरचा हौशी बँड ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ आहे आणि लगेच पुढे, ७.२ पासून ७.४५ पर्यंत, जगभरची प्रसारण केंद्रे बसलेली आहेत. दुपारी शांत दिसणारा पडदा संध्याकाळी सहानंतर या शेजाऱ्यांमुळे धुऊन निघतो.

आपल्या डोंगलची दुसरी अडचण अधिक फसवी आहे. डोंगलच्या पिढ्या अनेक आहेत. त्यातील तिसऱ्या आवृत्तीचे डोंगल लघुलहरींवर आपल्या आतली ट्यूनर चिप टाळून थेट नमुने घेतात, आणि त्यांचे घड्याळ २८.८ मेगाहर्ट्झचे असते. त्यामुळे १४.४ मेगाहर्ट्झच्या वरचे सगळे आरशातल्यासारखे खाली उमटते. ७.१ मेगाहर्ट्झवर आपल्याला जे दिसते त्यात २१.७ मेगाहर्ट्झचेही मिसळलेले असते, आणि २१.७ म्हणजे १३ मीटरच्या प्रसारण बँडचा मध्यभाग. दिवसा ४० मीटरवर एखादे परदेशी संगीत ऐकू आले तर आधी हा संशय घ्यावा. ४० मीटरपुरते पाहिले तर १० मेगाहर्ट्झखालचे तेवढे जाऊ देणारा फिल्टर हा प्रश्न मिटवतो. २० मीटरवर उपाय नाही, कारण १४.२ चे प्रतिबिंब १४.६ वर पडते आणि इतक्या जवळचे दोन शेजारी वेगळे करणारा फिल्टर कोणीही घरी बनवणार नाही. चौथ्या आवृत्तीत आतच वारंवारता वर चढवलेली असल्याने हा दोष राहत नाही. आणखी एक खूण लक्षात ठेवा: १० मीटरवर बरोबर २८.८ मेगाहर्ट्झला दिसणारी स्थिर रेघ डोंगलच्या स्वतःच्या घड्याळाची आहे, ते कोणाचे बीकन (सतत चालणारे खुणेचे प्रसारण) नव्हे.

डोंगलवर भार जास्त झाला आहे का हे ओळखण्याची माझी पद्धत अशी. बँड शांत असताना अँटेना काढून तळरेषा कुठे आहे ते पाहा, मग अँटेना जोडा. रेषा साधारण १० डेसिबलने वर यावी एवढाच गेन ठेवा. त्याहून अधिक गेनने काहीही जास्त ऐकू येत नाही, केवळ पडदा उजळतो. त्यानंतर संध्याकाळी डोंगलच्या आधी संकेत १० डेसिबलने क्षीण करणारा अॅटेन्युएटर घाला. खरी स्टेशने १० डेसिबलने खाली येतील. एखादी रेघ ३०ने खाली आली तर ती खरी नाही. दोन बलवान संकेतांच्या मिश्रणातून ती आपल्या डोंगलमध्येच जन्मली आहे. हा प्रयोग करून पाहिल्याशिवाय नवा रिसीव्हर घेऊ नका. १० डेसिबलच्या अॅटेन्युएटरने आणि एका फिल्टरने आपले भागणार असेल तर तो खर्च वाचला. भागत नसेल तर १४ बिटचा एसडीआरप्लेचा आरएसपी-१बी, किंवा फक्त लघुलहरी आणि व्हीएचएफपुरता पण बलवान शेजाऱ्यांना उत्तम तोंड देणारा एअरस्पाय एचएफ प्लस डिस्कव्हरी, यांपैकी एक घ्या. केवळ ४० मीटरचा बँड पाहायचा असेल तर मी दुसरा निवडेन. प्रसारण करू शकणारे एसडीआर या कामासाठी घेण्यात काही अर्थ नाही.

घरातल्या गोंगाटाचा शोध घेणेही याच वेळी उरकून टाका. लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहा. चार्जर काढताच पडद्यावरचे समान अंतरावरचे उभे पट्टे नाहीसे झाले तर गुन्हेगार सापडला. यूएसबी ३च्या सॉकेटपेक्षा जुने सॉकेट शांत असते. डोंगल धातूच्या डबीत ठेवून त्याच्या यूएसबी केबलवर फेराइटचे कडे बसवा, आणि अँटेनाच्या केबलची दहा-बारा वेढ्यांची गुंडाळी ४३ किंवा ३१ क्रमांकाच्या मोठ्या फेराइट कड्यावर करा. संगणक दुसऱ्या खोलीत ठेवून डोंगल छोट्या रास्पबेरी पायवर चालवणार असाल तर सेकंदाला २४ लाख नमुने म्हणजे सुमारे ३८ मेगाबिटचा अखंड प्रवाह होतो, हे लक्षात घेऊन लॅन केबलच वापरा. वाय-फायवर तो अडखळतो.

तिसरा प्रश्न सर्वांत सोपा आहे. आयसी-७१८च्या मागे सीआय-व्हीचे, म्हणजे संगणकाने संच चालवण्याचे, सॉकेट आहे. तिथून यूएसबी रूपांतरक केबल संगणकाला जोडा, एचडीएसडीआर हे सॉफ्टवेअर ओम्नीरिग या संच-नियंत्रक प्रोग्रामसह बसवा, आणि संचाचा पत्ता षोडशमान ५ई असा द्या. मग पडद्यावर क्लिक केले की संच तिथे जातो आणि संचाची कळ फिरवली की पडदा त्याच्यामागे येतो. लिनक्स वापरत असाल तर एसडीआर प्लस प्लस आणि हॅमलिबचा रिगसीटीएलडी हीच कामगिरी करतात. मोर्समध्ये संच आणि पडदा यांच्यात ६००-७०० हर्ट्झचा फरक दिसेल. तो दोष नाही, ते पिचचे (कानाला ऐकू येणाऱ्या सुराचे) अंतर आहे, सॉफ्टवेअरमध्ये एकदा भरून टाका. साध्या क्रिस्टलचा डोंगल असेल तर ५० पीपीएमची (दहा लाखांत ५०ची) चूक ७ मेगाहर्ट्झला ३५० हर्ट्झ होते. १० मेगाहर्ट्झवरच्या चीनच्या बीपीएम या वेळ-संकेताशी जुळवून ती दुरुस्त करा. एसडीआरचा आवाज संचाच्या आवाजामागे काही दशांश सेकंद रेंगाळतो, म्हणून बोलताना त्याचा स्पीकर बंद ठेवा, नाहीतर स्वतःच्याच प्रतिध्वनीने जीभ अडखळते.

एवढे झाल्यावर या रिसीव्हरचा सर्वांत मोठा उपयोग मला वाटतो तो बँड पाहण्याचा नसून स्वतःला पाहण्याचा आहे. डमी लोडवर (अँटेनाऐवजी शक्ती जिरवणाऱ्या ५० ओहमच्या रोधकावर) बोलताना ६० डेसिबल कमी करणाऱ्या टॅपमधून आपलाच संकेत डोंगलला दिला, तर १०० वॉटांचा ०.१ मिलिवॉट उरतो आणि आपले एसएसबी २.७ किलोहर्ट्झमध्ये मावते की मायक्रोफोन गेन वाढवून आपण शेजाऱ्यांच्या अंगणात सांडत आहोत हे स्पष्ट दिसते. हॅमच्या सकाळच्या नेटवर (ठरलेल्या वेळेच्या सामूहिक गप्पांत) "तुमचा आवाज जरा पसरतोय" हे कोणी सांगेपर्यंत थांबावे लागत नाही. क्यूओ-१०० या भूस्थिर उपग्रहावर तर एसडीआरशिवाय काम करणे कठीणच आहे. पुण्याहून तो पश्चिमेकडे क्षितिजापासून ३२ अंशांच्या आसपास दिसतो. त्याचा १०४८९.५ ते १०४९० मेगाहर्ट्झचा अरुंद भाग साध्या डिश टीव्हीच्या एलएनबीतून (डिशच्या तोंडाशी असणाऱ्या रिसीव्हरमधून) सुमारे ७४० मेगाहर्ट्झवर डोंगलच्या टप्प्यात येतो, आणि तिथे स्वतःचा परतीचा संकेत पाहत पाहतच बोलायचे असते. त्या एलएनबीला १३ व्होल्ट लागतात. डोंगलच्या बायस-टीचे साडेचार व्होल्ट त्याला पुरत नाहीत.

आता पेटी तयार झाली की डोंगल लगेच जोडू नका. त्याच्या जागी ५० ओहमचा रोधक लावा, त्यावर ओए-७९ हा जर्मेनियम डायोड आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडून मल्टिमीटर लावा. कपॅसिटर क्षणिक झटकाही सुमारे सेकंदभर धरून ठेवतो, त्यामुळे तो मीटरवर दिसेल. पेटीच्या अँटेनाच्या बाजूला डमी लोड लावून ५ वॉटला पीटीटी दाबा, नंतर ५०ला, मग पूर्ण शक्तीला. पीटीटी दाबताना झटका अर्ध्या व्होल्टच्या वर जात असेल तर लिमिटर किंवा रिले यांपैकी काहीतरी चुकले आहे. पीटीटी दाबून धरल्यावर मीटर जवळजवळ शून्यावर यायला हवे. हे जमले की संच ५ वॉटवर आणून एसीसीचा प्लग मुद्दाम उपसा आणि पुन्हा पीटीटी दाबा. त्या वेळीही मीटर शून्यावर राहिले तरच ५० ओहमचा रोधक काढून डोंगल जोडा. आणि उन्हाळ्याच्या शेवटी वळवाचे ढग जमू लागले की दोन्ही केबल पेटीतून काढून खिडकीबाहेर सोडा. विजेच्या बाबतीत लिमिटरवर विसंबता येत नाही.